गुलाबी फॉर्मची तिसरी प्रत

आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कोलिनएस्टरेजच्या तपासणीसाठी एकच छापील फॉर्म होता. गुलाबी. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या फॉर्ममुळे झालं आणि तो मी माझ्या हाताने, माझ्या चांगल्या अक्षरात भरला होता. इतकी वर्षं झाली, पण त्या रंगाचा कागद कुठे दिसला की अजून माझे दात एकमेकांवर आवळतात.

कोलिनएस्टरेज हे शरीरातलं एक एन्झाइम. एका नसेने दुसरीला निरोप दिला की तो निरोप पुसून टाकायचं काम ते करतं, म्हणजे पुढचा निरोप जायला वाट मोकळी होते. फवारणीचं औषध पोटात गेलं की हे एन्झाइम बंद पडतं. सोलापूरच्या आसपासच्या गावांतून असे विषबाधेचे रुग्ण आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी यायचे. रक्त घ्यायचं, त्यात औषधं मिसळायची आणि पिवळा रंग किती झपाट्याने चढतो ते कलरीमीटरवर मोजायचं. रंग मंद चढला की एन्झाइम कमी. मग गुलाबी फॉर्म भरायचा, खाली दोन कार्बन घालून. पहिली प्रत वॉर्डात, दुसरी आमच्याकडे आणि तिसरी पोलीस ठाण्यात. शिपाई रोज संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना ती ठाण्यात टाकून जायचा. कोलिनएस्टरेजची तपासणी म्हणजे विषाची केस, असंच सगळ्यांनी धरलेलं होतं आणि फॉर्मही तसाच छापलेला होता. शेवटची ओळ अशी होती: ‘कमी आढळल्यास: विषबाधेचा संशय.’

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. टेंभुर्णीच्या नाक्यावर वडील ट्रकच्या चाकांची पंक्चरं काढायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. शाळेतल्या एका मास्तरांनी स्वतः अर्ज भरून मला सोलापूरला पाठवलं म्हणून बी.एस्सी. झालो आणि इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, पहिल्याच मुलाखतीत “अक्षर सुंदर आहे तुझं” म्हणत प्रयोगशाळेत घेतलं म्हणून पोटापाण्याला लागलो. वडील एकदा इस्पितळात आले आणि चपला बाहेर काढून सरांच्या खोलीत गेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली. त्या एका खुर्चीसाठी मी दोन वर्षं सरांचा कुठलाही शब्द खाली पडू दिला नाही.

सर परदेशात शिकून आलेले. मेंदूच्या विकारांचे डॉक्टर. माणसाची आठवण, चालणं, बोलणं हळूहळू झिजवणाऱ्या आजारांमध्ये मेंदूतली एन्झाइमं कमी होतात का, हे त्यांना मोजायचं होतं. तिकडे मोठ्या शहरांत असं काम चाललंय, म्हणायचे, मग सोलापूरने काय घोडं मारलंय? मला ते फार आवडायचं. आमच्याकडे होतं काय, तर एक कलरीमीटर, एक सेंट्रिफ्यूज, वीज गेली की घाम फुटणारा एक फ्रीज आणि कारखान्यातून भुशात गुंडाळून येणारा बर्फ. एवढ्यावर आम्ही माणसाच्या विसरण्याचं कारण शोधणार होतो. मी सरांवर खूश होतो आणि स्वतःवर जरा जास्तच.

आमचा रुग्ण होता एक पोस्टमन. पन्नाशीही गाठली नव्हती. विणकरांच्या वस्तीत त्याची बीट होती. पत्ते मराठीत, कन्नडात, तेलुगूत, कधी उर्दूत असायचे आणि तो चारही लिप्या वाचायचा. मग एक दिवस तो अख्ख्या गल्लीची पत्रं एकाच घरात टाकून परत आला. त्या घरातल्या माणसांनी ती मुकाट्याने गल्लीभर वाटली. असं त्यांनी वर्षभर केलं, कुणी तक्रार केली नाही. मग त्याच्या भाषा एकेक करून जायला लागल्या. उर्दू गेली, तेलुगू गेली, मराठी गेली. आमच्याकडे आला तेव्हा थोडीशी कन्नड उरली होती आणि तीही फक्त बायकोशी.

ती अक्कलकोटकडची. दर सोमवारी त्याला रिक्षात घालून आणायची. मी रक्त काढायचो. मेंदूत कमी होतं ते रक्तातही कमी होतं का, हे सरांना बघायचं होतं. ती मला तम्मा म्हणायची. कन्नडात तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

“तम्मा, दर सोमवारी रगत काडतोस. सापडलं का?”

“काय सापडायचंय, अक्का?”

“ह्यांचं ध्यान. कुटं गेलंय ते.”

“शोधतोय.”

“शोध की. चांगलं गलेलठ्ठ होतं. इतक्यात कुटं जायचं न्हाय.”

तो तिचा विनोद होता. पोस्टमन शेजारी बसून तिच्या पदराची गाठ सोडायचा आणि बांधायचा. रक्ताचा आकडा दर वेळी ठीक यायचा. मी दर वेळी गुलाबी फॉर्म भरायचो, ‘सामान्य’वर खूण करायचो आणि तिसरी प्रत शिपायाच्या पिशवीत जायची. पोस्टमनच्या रक्ताशी पोलिसांचा काय संबंध, असा प्रश्न मला तीन महिन्यांत एकदाही पडला नाही. नियम होता, पाळला.

शेवटी त्याला वॉर्डात ठेवावं लागलं. गिळणं बंद झालं होतं, नर्स नाकातल्या नळीने पेज द्यायची. अकराव्या दिवशी सकाळी मी रक्त घेतलं आणि दुपारी तो गेला.

सरांनी मला बोलावलं. “मेंदू लगेच बर्फावर हवा. आणि तिला काही सांगत बसू नकोस. ही माणसं नाही म्हणतात.”

“विचारून बघू या का, सर?”

“विचारलं आणि नाही म्हणाली तर? मग काय करशील?”

मी बर्फ आणायला निघालो. या प्रश्नाला उत्तर होतं. नाही म्हणाली तर करायचं नाही. ते इतकं साधं होतं की आज मला त्याची लाज वाटते. पण मला ती खुर्ची आठवली, वडील तिच्या कडेला कसे टेकले होते ते.

कवटी कशी उघडली ते मी लिहिणार नाही. शिवल्यावर मी स्वतः डोक्याला पांढरी पट्टी बांधली. ती बाहेर उभी होती. म्हणाली, “डोस्क्याला काय झालं?”

“थोडं पाणी काढावं लागलं, अक्का. तपासणीला.”

“बरं.” तिने पट्टीवरून हात फिरवला. “नीट बांधलीस.”

ते लिंगायत. त्यांच्यात पुरतात. बसवून, हातात लिंग देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची समाधी झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेच्या नळीत त्याच्या मेंदूचा वाटाण्याएवढा तुकडा बर्फावर घोटत होतो. त्याआधी हृदयविकाराने गेलेल्या एका म्हाताऱ्याचा मेंदू आम्ही तुलनेसाठी मोजला होता. त्याच्याही घरी कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या नळीत रंग भराभर चढला होता. पोस्टमनच्या नळीत तो चढेना. घड्याळाकडे बघत मी दर मिनिटाला सुईचा आकडा लिहीत गेलो. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा म्हाताऱ्याच्या निम्म्याहूनही कमी.

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “हेच. हेच शोधत होतो आपण.”

मी हरखलो होतो आणि त्याच भरात, तपासणी झाली की जे करायचं असतं ते केलं. गुलाबी फॉर्म घेतला. ‘नमुना’ या रकान्यात ‘रक्त’ आणि ‘पोटातील द्रव’ खोडून ‘इतर’पुढे लिहिलं: मेंदू. ‘कमी’वर खूण केली. खाली सही ठोकली. शिपाई आला आणि तिसरी प्रत घेऊन गेला.

आठ दिवसांनी तो शिपाईच सांगत आला, “त्या पोस्टमनच्या बाईला ठाण्यात बसवलंय. सकाळधरनं. नवऱ्याला औषध घातलं म्हणत्यात.”

झालं होतं असं. धाकट्या दिराने अर्ज दिला होता, की वहिनी भावाला कंटाळली होती आणि थोडं थोडं ढेकणाचं औषध पेजेतून देत होती. शेजाऱ्यांनीही सांगितलं, की ती एकदा अंगणात ‘मर की एकदाचा’ म्हणून ओरडली होती. ओरडली असेल. चार वर्षं ती त्या माणसाचं हगणं-मुतणं काढत होती. अर्ज कुणी मनावर घेतला नसता, पण हवालदाराने तारेला अडकवलेले कागद चाळले आणि त्याच्या हाती माझा फॉर्म लागला. सुवाच्य अक्षरात. विषबाधेचा संशय. आता समाधी उकरायची का, यावर ठाण्यात बोलणं चाललं होतं.

मी सरांकडे धावलो. म्हटलं, सर, दोन ओळी लिहून द्या. हा आकडा आजाराचा आहे, विषाचा नाही. तीन महिन्यांचं रक्त ठीक आहे. विष असतं तर आधी रक्तात दिसलं असतं. रजिस्टर घेऊन मी आत्ता जातो.

सरांनी दार लावलं. “मेंदूचा फॉर्म तुला कुणी भरायला सांगितला होता?”

“प्रत्येक तपासणीला भरतो, सर.”

“गाढव आहेस.” मग आवाज खाली आणला. “हे बघ. मी लिहून दिलं की पहिला प्रश्न येणार, मेंदू कुणाच्या परवानगीने काढला? त्यापेक्षा तू लिहून दे. नमुन्यांची अदलाबदल झाली. हा त्याचा नव्हेच.”

“मग कुणाचा?”

“कुणाचाही.”

“ज्याचा म्हणेन त्याच्या घरी हवालदार जाईल, सर.”

“तू फार पुढचा विचार करतोस.”

“ती बाई सकाळपासून बाकड्यावर बसलीय.”

“दोन-चार दिवस बसेल. काही निघणार नाही, सोडतील. माझा शोधनिबंध बुडाला की सगळं काम गेलं, तुझंही.” त्यांनी माझ्यासमोर रजिस्टर उचललं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. “तुला इथे कुणी आणलं, विसरला नाहीस ना?”

मी विसरलो नव्हतो. तीच तर अडचण होती. पण त्या क्षणी माझ्या आत जे उकळलं ते आयुष्यात पुन्हा तसं उकळलं नाही. या माणसाने वडिलांना खुर्ची दिली होती, ती आता माझ्याकडून वसूल करत होता. आणि मी एका विधवेला सांगितलं होतं की पाणी काढलं. आम्हा दोघांत कोण जास्त नीच, याचा हिशोब मला लागेना. मी तसाच, पांढऱ्या कोटात, ठाण्यावर चालत गेलो.

हवालदार पन्नाशीचा, पान खाणारा. मला बघून म्हणाला, “या. तुमीच का सहीवाले? सही झकास हाय. एवढी झकास सही आमच्या साहेबांची बी न्हाय.”

ती भिंतीकडच्या बाकावर बसली होती. दीर दारात उभा होता. मला पाहून ती म्हणाली, “आलास व्हय तम्मा? सांग ह्यान्ला. मला तर काय बी कळंना. ह्यांच्या डोस्क्यात इख घावलं म्हनत्यात. माजा त्येच्याशी काय संबंद?”

मी म्हणालो, “हवालदारसाहेब, तारेवरचे कागद काढा.”

“कशाला?”

“यांच्या नवऱ्याच्या नावाचे गुलाबी फॉर्म काढा. दर सोमवारचा एक असेल. तीन महिन्यांचे.”

“तो एक घावला की.”

“एक नाही. बघा तरी.”

त्याने कुरकुरत तार खाली काढली. जुने कागद एकमेकांना चिकटले होते. मी टेबलापाशी वाकून त्याच्याबरोबर ते सोडवायला लागलो. एक निघाला. सामान्य. दुसरा निघाला. सामान्य. हवालदार आता स्वतःच पुढे-पुढे उलटू लागला आणि एकेक बाजूला रचू लागला. शेवटचा, तो गेला त्या सकाळचा: रक्त, सामान्य. सगळ्यांवर ठाण्याचा शिक्का होता. दर आठवड्याला येत होते, दर वेळी शिक्का मारून अडकवले जात होते आणि कुणी एकही वाचला नव्हता.

मी सांगितलं, की औषध थोडं थोडं जरी पोटात गेलं तरी ते आधी रक्तात दिसतं आणि दिसलं की लपत नाही. शेवटच्या अकरा दिवसांत तर यांनी त्याला काही भरवलेलंच नाही, नर्स नळीने देत होती. वॉर्डातले कागद आहेत.

हवालदाराने कागदांची चवड टेबलावर आपटून सरळ केली. मग दिराला म्हणाला, “काय रे? कंदी दिलं म्हणालास औषध? तीन महिने रगात साफ हाय की.” दीर काहीबाही बोलला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात हवालदाराने माझा शेवटचा फॉर्म पुन्हा उचलला.

“पर मला एक सांगा. ह्यो मेंदू तुमच्याकडं आला कुठनं?”

खोटं बोलायला जागा होती. मला ती दिसत होती. बाकावरून अक्का माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, “आम्ही काढला. यांना न विचारता. यांना मी सांगितलं की पाणी काढलं.”

बाहेर कुणाचा तरी टांगा गेला. तिने डोळे माझ्या कोटावर ठेवले, तोंडावर नाही.

“सगळा?” तिने विचारलं.

“तुकडे. चार.”

“आनि मी त्यान्ला तसंच बसवलं.”

हवालदाराने घसा खाकरला आणि म्हणाला, “बाई, तुमी जावा घरी.” ती उठली. माझ्या शेजारून गेली तेव्हा मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तिने हात वर केला, रस्ता ओलांडताना गाडीला करतात तसा.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती प्रयोगशाळेत आली. हातात पितळी तांब्या आणि धुतलेलं पांढरं फडकं. सर आतल्या खोलीत होते.

“द्या,” ती म्हणाली. तम्मा नाही. तुमी.

मी फ्रीज उघडला. बाटलीवर नाव नव्हतं, नंबर होता. फडक्यावर एकेक तुकडा ठेवला. तिने मोजले.

“तीन हायती. चार म्हनाला.”

“एक तपासायला वापरला.”

“वापरला म्हंजी काय केला?”

“घोटला. त्यात औषधं घालून रंग बघितला.”

“मग?”

ठाण्यावर मी खरं बोललो होतो आणि मला वाटलं होतं की तेवढ्याने भागलं. भागत नाही. “बेसिनमध्ये ओतला,” मी म्हणालो.

आतल्या खोलीचं दार उघडलं. सर दारात उभे राहिले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तो नमुना प्रयोगशाळेचा आहे,” ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळलीही नाही. मला म्हणाली, “ते पानी कुटं जातंय?”

मी तिला इमारतीमागे नेलं. बेसिनचा पाइप भिंतीतून बाहेर यायचा आणि एका उघड्या गटारात सुटायचा. त्या ओलीवर कण्हेरीचं एक झुडूप वाढलं होतं. तिने तांब्या खाली ठेवला. कमरेच्या पिशवीतून विभूती काढली आणि पाइपच्या तोंडावर, हिरव्या शेवाळावर, तीन बोटं ओढली. मग गटाराच्या कडेला बसली आणि कन्नडात नवऱ्याशी काहीतरी बोलली. रागावल्यासारखं. उशिरा घरी आलेल्या माणसाला बोलतात तसं.

मी म्हणालो, “समाधीपर्यंत येतो. खणायला मदत करतो.”

“नगं. त्यान्ला तुमचा हात लागलाय तेवढा बास झाला.”

ती गेली. वर खिडकीत सर उभे होते. मी आत गेलो, एक गुलाबी फॉर्म घेतला, कार्बन घातले आणि ‘निष्कर्ष’च्या रकान्यात लिहिलं: ‘उरलेला नमुना पत्नीस परत दिला.’ सही केली. सर मागे येऊन उभे राहिले होते.

“कृतघ्न आहेस,” ते म्हणाले.

त्या शब्दाला मी आयुष्यभर घाबरत आलो होतो. मी पहिली प्रत त्यांच्यापुढे ठेवली, दुसरी फायलीत लावली. शिपाई सायकलला पिशवी अडकवत होता. मी खाली जाऊन तिसरी प्रत त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तारेला अडकवण्याआधी हवालदाराला वाचायला सांग. मग कोट काढला, शिपायाच्या कॅरियरवर ठेवला आणि स्टँडवर जाऊन टेंभुर्णीची गाडी धरली.